न्यायची चटई

सूनबाई गोड बोलून काही मागायला लागली की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. धोंडूबाईचं हे जुनं मत. त्यामुळे रविवारी ती बोंबील साफ करत असताना रुतिका शेजारी येऊन बसली आणि "आई, तुमी गोधड्या किती छान शिवता हो," असं म्हणाली, तेव्हाच धोंडूबाईचा विळीवरचा हात थांबला.

"काय पायजे?" तिनं सरळ विचारलं.

रुतिकानं मोबाइल पुढं केला. त्यात लहान मुलांना खेळायची एक गोल चटई होती. कडेनं नाडी ओवलेली. ओढली की खेळण्यांसकट सगळ्याची पोतडी होणार, ती खांद्याला अडकवायची आणि चालू पडायचं. तशी एक तिच्या लेकीसाठी, ईश्वरीसाठी, शिवून हवी होती.

"घरात काय चटया कमी हायेत?"

"ही न्यायची आहे ना, आई."

न्यायची! कुठं न्यायची, ते काही बाई बोलली नाही. आणि सोफ्यावरच्या कल्पेशनं, म्हणजे धोंडूबाईच्या लेकानं, नेमका तेव्हाच टीव्हीचा आवाज वाढवला. पोटच्या पोराला आई ओळखणार नाही तर कोण?

ईश्वरी नुकती पळायला लागली होती. तिची आई ऐरोलीला कंपनीत, बाप दिवसभर कामावर, त्यामुळे पोर आजीच्या मांडीवर वाढली. घास आजीच्या हातचा, झोप आजीच्या कुशीत. मागच्या महिन्यात मात्र ती उघड्या दारातून थेट जिन्यापर्यंत पळाली आणि धोंडूबाईचे गुडघे काही तिला गाठू शकले नाहीत. शेजारच्या मालतीबाईंनी धरलं म्हणून बरं. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून आपण खोलीत गेलो की नवराबायकोचं बोलणं तुटतं, हे धोंडूबाईनं बरोबर हेरलं होतं.

आता ती डोळ्यांत तेल घालून बघू लागली. रुतिका फोन घेऊन गॅलरीत का जाते? जुईनगर स्टेशनपासून घर हाकेच्या अंतरावर, मग हिला यायला उशीर का होतो? घरात पाण्याची नवी बाटली आली, तिच्यावर ईश्वरीचं नाव. वर पुन्हा, "चटईवर पन नाव घाला हं आई, अदलाबदल नको." अगं बाई, घरात पोर एक, चटई एक. अदलाबदल होणार कुणाशी?

शेवटी तिनं मालतीबाईंना गाठलं. त्यांचं बोलणं एक घाव दोन तुकडे. "नाव घालायचं म्हणजे पाळणाघर हो, धोंडूबाई! माझ्या नातवाच्या चादरीवरही घालायला लावलं होतं."

धोंडूबाई तशीच घरी परतली. पोर गेली की या घरात आपलं काम ते काय उरलं? दिवसभर भिंतींशी बोलायचं? पण ती रडली नाही, भडकली. "माज्याच हातानं माजी नात घालवते काय? थांब, शिवतेच तुजी चटई!"

नाही म्हणावं तर सून फोनवरून दुसरी मागवणार. त्यापेक्षा अशी शिवावी की कुणाला उचलता येऊ नये. चटई न्यायला जमली नाही की पोर न्यायचंही राहील. हसू नका, संशयानं पेटलेल्या माणसाचं गणित असंच असतं.

वरून लावायला रुतिकानं हत्ती-मासे छापलेलं नवं कापड आणलं होतं आणि आत घालायला पातळ फोम. फोम तिनं कपाटामागं सारला आणि आपली जुनी लुगडी काढली. लेकराच्या अंगाखाली जुनंच घालावं, आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं, ही त्यांच्याकडची रीतच. कुणाला बोलायला जागा नव्हती. थरावर थर चढवत गेली ती. सुई जाईना तेव्हा दाभण घेतलं, बोटं सोलवटली, तरी थांबली नाही. नाडी ओढल्यावर पोतडी कसली, सिमेंटची गोणीच झाली.

"अगं बाई! आई, किती जड!" रुतिका उचलता उचलता वाकली.

"आमच्याकडं अशीच असते," धोंडूबाई म्हणाली. आतून उकळ्या फुटत होत्या.

रुतिकानं चटई हातानं चाचपून बघितली. धोंडूबाईला वाटलं, पकडलं हिनं. पण सून खाली मान घालून म्हणाली, "आई, सांगायचा धीरच होत नव्हता. ईश्वरीला पाळणाघरात घालतोय. तुमचे गुडघे दुखतात, मला कामावर सारखी धाकधूक. उद्या नुसतं थोडा वेळ ठेवून बघू. नाही रमली तर परत तुमच्याकडंच."

"नाय रमायची," धोंडूबाई म्हणाली. तिला पुरती खात्री होती.

सकाळी कल्पेशनं ती गोणी रिक्षात घातली आणि मायलेकी गेल्या. धोंडूबाईनं तांदळाची पेज करून ठेवली. पोर रडून रडून येणार, घसा सुकलेला असणार. ती फोनकडं बघत बसली. फोन काही वाजेना. वाजत का नाही? रडतेय आणि ही दडवतेय की काय?

दुपारी रुतिका दारातूनच बोलत आली. "आई, सगळी पोरं रडत होती. ही पन आधी रडली. मग चटईवर पडली, तोंड खुपसलं आणि झोपलीच! तिथल्या ताई म्हणाल्या, उद्यापासून दिवसभर ठेवा."

धोंडूबाईनं पेजेवर झाकण ठेवलं. त्या हत्ती-माशांना कोण विचारतं? पोरीला आतल्या लुगड्यांचा वास लागला होता. आजीच आहे समजून झोपली होती ती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती!

"फक्त फार जड आहे हो," रुतिका म्हणाली. "आतले थर काढून तो फोम घालून द्याल का? रोज न्यायला बरं पडंल."

धोंडूबाईनं चमकून वर पाहिलं. लुगडी निघाली की वास जाणार, वास गेला की पोर रडणार आणि चार दिवसांत परत घरी येणार. हिला हे कळत नाही की हीपण काही डाव खेळतेय? तिनं सुनेचं तोंड नीट न्याहाळलं. तिथं काही लपवलेलं नव्हतं. बिचारीला खरंच माहीत नव्हतं. तिच्या कडेवर ईश्वरी टवटवीत डोळ्यांनी आजीकडं बघून हसत होती.

"नको," धोंडूबाई म्हणाली. "एक पन थर काढायचा नाय. जड होते तर चटई तिथंच ऱ्हाऊदे. तिला रोज लागंल ती."