सहा गतिरोधकांची जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि सध्या माझे डोके फिरले आहे. हेडलाइट फुटला, तो मार सोसेन. पण ज्या कारणाने फुटला ते आठवले की अजून इंजिन तापते.

माझे मालक मनोहरबाबा. सौंसरपासून आठ किलोमीटर आत आमचे खेडे. नवी होते तेव्हा कापूस, संत्री, लग्नाची वऱ्हाडं, सगळे मीच वाहिले. लोक बोनेटवर थाप मारून म्हणायचे, "वा रे गाडी!" आता माझे एकच काम उरले होते. बाबांची मुलगी अर्चना नागपूरच्या दवाखान्यात नर्स आहे. रोज पहाटे तिला सौंसरच्या बसस्टँडवर सोडायचे, संध्याकाळी आणायचे.

अर्चना थकायची हो! नागपुरात खोली घ्यावी, असे तिच्या मनात घोळायचे. ती तसे बोलली की बाबा विषय बदलायचे. आई गेल्यापासून घरात दोघेच. एक दिवस तिने मोबाइलवर चालकाविना चालणारी गाडी दाखवली. "बाबा, अशी गाडी आली का मी इथूनच जाईन. गाडीतच झोपून घेईन. खोली कायले पाहिजे मंग?"

झाले! बाबांनी ते धरूनच ठेवले. भेटेल त्याला सांगू लागले, "दोनेक वर्षं रेटू. मंग पोरगी गावातच राहते."

अरे, दोन वर्षं रेटणार कोण? मीच ना! आणि मला जे ठाऊक होते ते कोणालाच नव्हते. बाबांना नीट दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाइलमधली गाडीसुद्धा त्यांना धूसरच दिसली असेल. ते रस्ता पाहत नव्हते, मोजत होते. सहा गतिरोधकांचे धक्के बसले की डावीकडे वळायचे. मी खडखडले, कुरकुरले. पण माझे ऐकतो कोण? "म्हातारी झाली वं तू," म्हणून हसायचे. मला असा राग यायचा!

पौषातल्या एका सकाळी धुके होते. ट्रॅक्टर फार दामटतात म्हणून वळणाच्या अलीकडे राहणाऱ्या मोतीरामने आदल्या रात्री स्वतःच घरासमोर मुरुमाचा आणखी एक गतिरोधक घातला होता. बाबांचे सहा धक्के लवकर भरले. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवले. तिथे रस्ता नव्हता, मोतीरामचे अंगण होते.

"बाबा, ब्रेक!" अर्चना ओरडली. मी संत्र्याच्या कॅरेटांत घुसले, हेडलाइट फुटला. मोतीराम धावत आला, "अरे बाप्पा, अंगण दिसलं नाही का मनोहर?"

बाबांनी डोळे बारीक केले. अर्चनाने त्यांच्या तोंडासमोर दोन बोटे धरली. "किती?" बाबा ती बोटे चाचपू लागले.

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं जीप बंद झाली असती. तू नागपूरला गेली असती."

अर्चना रडली आणि चिडलीही. "चालकाविना गाडीची वाट पाहून राहिली होती मी. अन् तुमी रोज तशीच गाडी चालवून राहिले!"

तिने नागपुरात खोली घेतली. तिथेच बाबांना ठेवून डोळ्यांचे ऑपरेशन करवले. एक महिना मी कडुनिंबाखाली उभी होते. कोंबड्यांनी सीटवर अंडी घातली.

परवा बाबा बसने आले. आता ते गावी आणि नागपुरात येऊनजाऊन राहणार. अर्चना रविवारी येणार. खोली काही सुटली नाही. बाबा माझ्याजवळ आले, बोनेटवर हात फिरवला आणि दचकले.

"अवं, एवढी गंजली तू? कधीपासून?"

मित्रांनो, आपोआप चालणारी गाडी येईल तेव्हा येवो. मग गावात राहा नाहीतर शहरात. पण तोवर तुम्हाला जो रोज पोचवतो, त्याच्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहा. आमच्या अर्चनाने रोज बाबांच्याच शेजारी बसून मोबाइल पाहिला.