पक्कं बसवायचं नाही

कॉम्प्युटरवालीने मशीन उघडून आत फुंकर मारली, तेव्हा एवढी धूळ उडाली की मलाच शिंका आल्या.

"काकू, ह्याला आता निवृत्त करा," ती म्हणाली.

"निवृत्त झालेला एक घरी आहे, तोच पुरे. हे चालू करून दे."

ती हसली. मला काही हसू आलं नाही. त्या डबड्यावर माझा संसार टांगलेला होता, हे तिला काय माहीत!

सांगते. आमचे हे बांधकामाचे नकाशे काढायचे. आधी बोर्डावर पट्टी-पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. नोकरी संपली तेव्हा ऑफिसने त्यांचं जुनं मशीन त्यांनाच देऊन टाकलं; सत्कार केल्यासारखंही झालं आणि अडगळही गेली. पुढे ह्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग रस्ता, मग नातवाचं नाव, मग आपण जेवलो की नाही ते. पण सकाळी त्या खुर्चीत बसवलं की माणूस जागेवर. उजवा हात माऊसवर, मान जराशी पुढे, आणि दुपारपर्यंत घरात चकार शब्द नाही. डॉक्टरीणबाईंनीही बजावलं होतं, हातांना जे येतंय ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

आणि नेमकं मशीनच बसलं. चालू केलं की पडद्यावर चक्र फिरत राहायचं, फिरतच राहायचं. हे आधी वाट बघायचे, मग टेबलावर मूठ आपटायचे, मग "ऑफिसलाच जातो" म्हणून चपला शोधायचे. एकदा मी अंघोळीला गेले तेवढ्यात निघाले. संध्याकाळी एका बसच्या ड्रायव्हरने आणून सोडलं. एका पायात चप्पल, दुसरा पाय सोललेला. माझा जीव दिवसभर कुठे कुठे जाऊन आला होता, ते माझं मला ठाऊक.

मुलगा दुसऱ्या गावी असतो. त्याला कळलं तसा फोन आला. "आई, आता पुरे झालं. इथे एक चांगली संस्था आहे, दिवसरात्र माणसं असतात. मी महिनाअखेर येतो, दोन दिवस राहतो, आणि ठरवू."

ठरवू म्हणजे त्याचं ठरलं होतं. मुलगा वाईट नाही हो. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. म्हणजे माझ्याकडे महिनाअखेरपर्यंत वेळ होता, आणि तोवर ह्यांना पुन्हा त्या खुर्चीत बसवायचं होतं.

"नवीनच घ्या ना," कॉम्प्युटरवाली म्हणाली.

"नव्याला ते हात लावत नाहीत. मुलाने लॅपटॉप आणून दिला होता, त्यावर ह्यांनी चष्मा ठेवायला सुरुवात केली."

"मग असं करू. ह्यातली जुनी सिस्टीम आता कामाची नाही आणि नवी विकतची ह्याला झेपणार नाही. फुकटातली टाकू. लिनक्स."

"फुकट? काय भानगड आहे?"

"भानगड नाही काकू. जगभरची माणसं मिळून बनवतात, ज्याला हवी त्याने घ्यावी."

"आणि त्यांना काय मिळतं?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही."

तिने तीन पेनड्राइव्ह दिले, तीन तऱ्हेच्या सिस्टीमचे, आणि तिन्हींत नकाशे काढायचा प्रोग्रॅम घालून दिला. बसवायची घाई नको म्हणाली. मशीन पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायचं; आतल्या कशाला धक्का लागत नाही, आणि बंद केलं की जे केलं ते पुसलं जातं. दुकानात चप्पल पायात घालून चार पावलं चालून बघतो ना, तसं. कुठलं बटण दाबून सुरू करायचं ते तिने मला दोनदा दाखवलं. मी चारदा विचारलं.

पहिली सिस्टीम दिसायला देखणी, चित्रंच चित्रं. पण बटणांची सगळी पट्टी वर. ह्यांचा हात सवयीने डावीकडे खाली गेला. तिथे काही नाही. पुन्हा गेला. मग त्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच बंद करून टाकलं. दुसरीत बटण जागेवर होतं, पण तिच्या ओझ्याने मशीनचा पंखा असा घरघरायला लागला की हे म्हणाले, "अगं, पाण्याचा पंप बंद कर आधी." तिसरी राखाडी, दिसायला अगदीच बावळट. म्हटलं, ही काय चालणार! पण ती पटकन उघडली. डाव्या कोपऱ्यात बटण. ह्यांनी दोन अक्षरं दाबली, पडद्यावर रेघ आली. पुन्हा दाबली, दुसरी रेघ. मला एक शब्द बोलले नाहीत, भिंत घालायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

"हीच," मी कॉम्प्युटरवालीला सांगितलं. "पक्की बसव."

तिने बसवली. दोन-चार दिवस बरे गेले. एका सकाळी मी भांडी घासत होते आणि आतून ओरडा आला, "माझ्या जागेवर कोण बसलं होतं?"

धावत गेले. ह्यांनी आदल्या दिवशीचा नकाशा उघडला होता. "कोण गाढव आहे हा? जिना वर चाललाय आणि वर छत! माणसाने डोकं फोडून घ्यायचं? आणि हे दार बघ, भिंतीवर उघडतंय! असल्यांना कामावर घेतं कोण?" माऊस भिंतीवर गेला. मी मध्ये पडले, तर मला असं ढकललं की कोपर कपाटावर आपटलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी त्या सिस्टीमला आणि ती फुकट वाटणाऱ्या जगभरच्या माणसांना नाही नाही ते बोलले.

मग एकदा हे शांतपणे काम करत असताना मी मागे उभी राहून नीट बघितलं. जिना काढत होते. तो सरळ छतात चालला होता.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आज स्वतः करत असलेली चूक त्यांना दिसत नव्हती, पण कालची दिसत होती, कारण काल कोण बसलं होतं हे त्यांच्या लेखी संपलेलं होतं. नजर तशीच तयारीची राहिली होती. इतक्या वर्षांत ह्यांच्या नजरेतून कोणाची चूक सुटली नव्हती, आता स्वतःची कशी सुटेल!

पुन्हा दुकान गाठलं. "पक्कं बसवलेलं काढ. पेनड्राइव्हवरूनच चालू दे."

"अहो, पण मग काही सेव्ह राहणार नाही."

"तेच हवंय मला."

"काकू, लोक इथे गेलेलं परत आणा म्हणून रडत येतात. पुसून टाका म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"कोणीतरी पहिलं असायला लागतंच," मी म्हटलं आणि निघाले.

तेव्हापासून घर पुन्हा घर झालं. सकाळी कोरा पडदा, हे नव्याने भिंती घालायचे, खिडक्या ठेवायचे. जेवणाच्या वेळी मी मशीन बंद करायची आणि सकाळभर काढलेलं घर गायब. मन दुखायचं, नाही असं नाही. पण ह्यांच्या कपाळाला आठी नसायची आणि माझ्या अंगावर नवा वळ नसायचा.

मुलगा आला. बघतो तर बाबा मजेत. आत डोकावला, तेव्हा ह्यांनी त्याला ऑफिसातला नवा पोरगा समजून खुर्ची दिली आणि इमारतीच्या पायाच्या मापाबद्दल तास घेतला. मुलगा बाहेर आला तो डोळे पुसत. "आई, मला एवढा वेळ त्यांनी कधी दिला नव्हता गं."

मी त्याला ते ढकलणं, ते ओरडणं, काहीच सांगितलं नव्हतं. सांगून काय त्याच्या हातात कोलीत देऊ? एवढंच म्हटलं, काम झालं की मशीन बंद करायचं असतं. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, मी आडवी झाले. "मी करतो बंद," तो म्हणाला.

त्याने बंद केलं नाही. पेनड्राइव्हवर चालतंय हे त्याच्या लक्षात आलं, बाबांचं काम पुसलं जाईल हेही आलं, आणि त्याचा जीव होईना. त्याने नुसता पडदा मालवला.

सकाळी तो अंघोळीला गेला होता. मी चहा घेऊन आत आले, हे खुर्चीत बसत होते. माऊसला हात लागला आणि पडद्यावर कालचं घर.

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "ते मी काढलंय हं. तुम्ही झोपला होता, म्हटलं बघू जमतंय का. हसू नका."

"तू?" त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. मग चिडण्याऐवजी चक्क हसले. "बस इथे. अगं, जिन्याच्या वर डोक्याला जागा सोडतात. आणि हे दार, उघडल्यावर जाणार कुठे ते?" मी माना डोलावत होते. इतका जीव हलका झाला होता की काय सांगू! म्हटलं, निभावलं.

मग त्यांचं बोट कोपऱ्यात थांबलं. तिथे उत्तर दिशेचा बाण होता.

"हा तू काढलास?"

"हो."

"आतून पोकळ, शेपटीला गाठ. असा बाण ऑफिसात मी एकटा काढायचो. साहेब ओरडायचे, तरी काढायचो." त्यांनी बाणावरून बोट फिरवलं. "हे मी काढलंय."

"नाही हो..."

"अगं, तुला सरळ रेघ येत नाही." आवाज अगदी पूर्वीचा होता, कामावरून आल्यावरचा. "रोज असंच काढतो मी?"

मला खोटं सुचलंच नाही. मी होकारार्थी मान हलवली.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. त्यांनी तिकडे बघितलं. "तो मला न्यायला आलाय ना?"

"भेटायला आलाय."

"मी तुला मारतो का?"

"काहीतरीच!"

"खरं सांग."

मी चहाचा कप पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, माझा हात धरला. "मग मी जातो त्याच्याबरोबर. आत्ता कळतंय म्हणून आत्ताच सांगतो. उद्या मी नाही म्हणेन, रडेन, दाराला धरून बसेन. तेव्हा माझं ऐकू नकोस. आजचं ऐक. लक्षात ठेवशील?"

"ठेवीन," मी म्हटलं.

पाण्याचा आवाज थांबला. मी वाकून मशीन बंद केलं. मुलगा डोकं पुसत आला, तोवर हे विचारत होते, साहेब आले का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मुलगा निघाला. बॅग दारात, पायात बूट. आतून कीबोर्डची टकटक येत होती, नव्या घराच्या भिंती उभ्या राहत होत्या. तो घुटमळला. "आई, मनापासून सांग. झेपतंय तुला? आणि बाबा स्वतः कधी काही म्हणतात का, जाण्याबद्दल?"

जिभेवर आलं होतं. उभ्या आयुष्यात ह्या माणसाने माझ्याकडे ही एकच गोष्ट मागितली होती. पण रिकाम्या खुर्चीसमोर मी काय करू? नाही राहता येत मला त्यांच्याशिवाय. मारलं तरी नाही.

"ते काय म्हणणार?" मी म्हटलं. "त्यांना कुठे काय कळतंय."

मुलाने मला जवळ घेतलं आणि बॅग उचलली.