‘इतर जग’ नावाचे कपाट

मित्रांनो, मी एक जुने बर्च लाकडाचे कपाट आहे. स्वीडनमधल्या एका लहानशा विद्यापीठात देशादेशांतील संबंध शिकवतात, त्या विभागाच्या बोळात मी उभे आहे. एस्किल नावाच्या सुताराने मला घडवले. माझ्या फळ्यांची जाडी पाहून लोक त्याला चिडवत, “यावर काय घोडा ठेवणार आहेस?” तो रंधा न थांबवता म्हणे, “प्राध्यापकांची पुस्तकं घोड्याहून जड असतात.”

सुरुवातीची वर्षे मी वाचनालयात खिडकीशी होते. युद्धे का पेटतात, तह कसे टिकतात, अशा मोठ्या प्रश्नांची पुस्तके माझ्याकडे असत. दिवसभर मुलांचे हात लागत. खरे सांगते, मला थोडा गर्वच चढला होता. मग पांढरी लोखंडी कपाटे आली आणि माझी उचलबांगडी झाली ती थेट बोळात, कोट अडकवायच्या खुंट्यांशेजारी. ग्रंथपाल गुनेलने माझ्या कपाळावर पाटी बसवली, ‘इतर जग’.

गुनेल मनाने चांगली. दर शुक्रवारी माझी धूळ पुसायची. पण तिची एक रीत होती. लेखकाचे नाव दूरदेशीचे दिसले, की पुस्तक बोळात. आत काय लिहिले आहे, हे बघायची तिला सवड नसे. लागोस, कोलंबो, बोगोटा इथल्या विद्वानांचे विचार असे माझ्या पदरात पडले. मुले सिद्धान्ताची पुस्तके आतल्या वाचनालयातून नेत. माझ्याकडे येत ती निबंधात एखादे उदाहरण कमी पडले तरच.

अराबा घानाहून शिकायला आली आणि पुढे इथेच शिकवू लागली. तिने एक पुस्तक लिहिले. हेरिंग मासळीवरून इथले शेजारी देश कसे भांडले आणि भांडता भांडता एकमेकांवर विश्वास कसा ठेवू लागले, यावर तिने नवाच विचार मांडला होता. त्यात आफ्रिकेचा उल्लेख औषधालाही नव्हता. तरी ते माझ्या दुसऱ्या फळीवर आले, ‘आफ्रिका’ या चिठ्ठीखाली. चौदा वर्षांत ते कुणीही नेले नाही. अराबा रोज सकाळी कोट अडकवताना त्याच्याकडे एकदा बघायची. ते बघणे मला सोसवत नसे. कुणीतरी न्या रे हे पुस्तक, असे ओरडावेसे वाटे. पण लाकडाला कुठली वाचा!

पंधराव्या वर्षी, वसंतात, ती निवृत्त होणार होती. आपले पुस्तक पहिल्या वर्षाच्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात वाचावे आणि आपण ते शिकवावे, एवढीच तिची इच्छा होती. त्याआधीच्या हिवाळ्यात मुलांनी अर्ज दिला, की आमच्या वाचनयादीत सगळे जग नाही. तीनच्या कॉफीला सगळे बोळातल्या टेबलाशी जमले. विभागप्रमुख स्तेन-ओके दालचिनीचा पाव मोडत म्हणाला, “शेवटच्या आठवड्यात ‘इतर जग’ घालून टाकू. अराबा, तुझंही पुस्तक तिथं बसेल.”

“माझं पुस्तक पहिल्या आठवड्याचं आहे.”

“अगं, पण ते आफ्रिकेवर आहे ना?”

“हेरिंगवर आहे. तू नाताळात तीन-तीनदा वाढून घेतोस, तीच!”

सगळे हसले. स्तेन-ओकेही हसत उठला आणि त्याने ते पुस्तक ओढून काढले. पाने एकमेकांना चिकटली होती. उभ्याउभ्याच तो वाचू लागला, आणि वाचतच राहिला. कॉफी निवली. त्याचे कान लाल झाले.

“हे इतकी वर्षं इथंच होतं?”

“मीसुद्धा इथंच होते की,” अराबा म्हणाली.

 गुनेलने पेचकस आणून पाटी काढली. उन्हाळाभर माझी पुस्तके विषयांप्रमाणे आत जात राहिली, आणि रिकामे होताना मला सुख वाटले.

अराबाचे पुस्तक पहिल्या आठवड्यात घेतलेली नवी यादी मात्र शरद ऋतूपासून लागू झाली. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारले, “लेखिकेला वर्गात बोलावता येईल?” अराबा तेव्हा निवृत्त होऊन घानातल्या केप कोस्टला बहिणीकडे राहायला गेली होती. फोनवर ती भेटते, भरभरून बोलते. पण या वर्गात उभे राहून शिकवायचे तिचे राहूनच गेले. ती हुरहूर मला अजून आहे.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण नाव परके वाटले म्हणून पुस्तक बाजूला ठेवू नका, पहिले पान उलटा. आणि ते लिहिणारे माणूस शेजारच्या खोलीत असेल, तर आजच जाऊन त्याचे दार वाजवा.