नलिनीबाईंच्या खिडक्या

नलिनीबाईंच्या किल्ल्यात काच नसायची. तळाला तर खिडकीच नाही, नुसती भिंत. वरच्या मजल्यांवर बाहेरून वीतभर रुंद फट, आणि आतून मात्र तीच खिडकी एवढी ऐसपैस की दगडी भिंतीतल्या कोनाड्यात दोन माणसांनी समोरासमोर बसावं. "युरोपातल्या जुन्या किल्ल्यांना अशाच असायच्या," त्या लेकीला, श्रुतिकाला, सांगायच्या. "उजेड आत यायला हवा, बाण यायला नको."

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आईचा वेळ जावा म्हणून श्रुतिकानंच लॅपटॉपवर एक गेम घालून दिला होता. त्यात माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, मग ती तिथं जेवतात, भांडतात, म्हातारी होतात. नलिनीबाईंना त्या माणसांत फारसा रस नव्हता. जन्मभर मुलुंडच्या एका शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. त्यांना गेममधल्या किल्ल्याच्या खिडक्या बघवेनात. "ह्या कसल्या किल्ल्याच्या? ह्या तर मॉलच्या!" म्हणून त्या स्वतःच करायला लागल्या. दगड घडवायचा, मशालीच्या काजळीचा डाग हातानं रंगवायचा, लाकडी झडपा, आडवा लोखंडी गज. कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्यांच्या खिडक्या उतरवून घेत आणि आपापल्या किल्ल्यांना बसवत.

त्या मे महिन्यात बिल्डिंगची दुरुस्ती निघाली होती. चहूकडून बांबूची परांची, वर हिरवी जाळी, आणि प्लास्टरसाठी खिडक्यांची ग्रिलं काढून ठेवलेली. सोसायटीचे सेक्रेटरी जयवंत सावंत जिन्यात भेटेल त्याला बजावत होते, "ग्रिल नाहीये, खिडक्या लावून बसा." पण मुंबईच्या मे महिन्यात खिडकी लावून बसणार कोण? कामगार जेवायला गेले होते. नलिनीबाई खिडकीकडे पाठ करून, कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. एका खिडकीची झडप नीट मिटत नव्हती, तिच्याशी त्यांची झटापट चालली होती.

मानेला हिसका बसला तेव्हा त्यांना वाटलं, हेडफोनची वायर अडकली. मग खुर्चीच मागे कलंडली.

तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस अंगावर वाकला होता. गळ्यातली चेन तुटत नव्हती. त्यानं ती मुठीत पिळली, तशी ती मांसात रुतली आणि ओरडायचा आवाज आतच राहिला. नलिनीबाईंनी हात वर केला, तर त्यानं सरळ तोंडावर ठोसा हाणला. दात तुटल्याचं आधी जिभेला कळलं. चेन तुटली. मग तो बांगड्यांकडे वळला. त्या निघेनात, तेव्हा त्यानं त्यांच्या कोपरावर गुडघा रोवला आणि कातडी सोलत एकेक ओढून काढली. नलिनीबाईंनी मान उचलून त्याच्या दंडाचा चावा घेतला. तो कळवळला, पण त्या सोडेनात. त्यानं त्यांचं डोकं फरशीवर आपटलं, पुन्हा आपटलं. तरी दात सुटेनात म्हणून लाथ घातली, नेमकी ऑपरेशनच्या गुडघ्यावर.

त्या कशा उठल्या हे त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही. उठल्या तेव्हा तो खिडकीबाहेर पोचला होता. एक पाय बांबूवर, दुसरा पाय जागा शोधतोय, आणि दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरलेली.

"थांब मेल्या! खंय जातंस?"

लग्न होऊन मुंबईत आल्यापासून जी मालवणी त्यांच्या तोंडात आली नव्हती, ती रक्तासकट बाहेर पडली. त्यांनी सरकत्या खिडकीची काच दोन्ही हातांनी धरली आणि चौकटीवर आपटली. त्याची बोटं मध्ये होती. काहीतरी कडकडलं. तो किंचाळला, त्याचा पाय बांबूवरून सुटला, दुसरा हात खिडकीच्या कट्ट्याला कसाबसा चिकटला. त्यांनी काच मागे ओढली आणि पुन्हा आपटली.

"बाई! बाई, सोडा! पडेन मी, बाई!"

बाई तर कोणीही कोणालाही म्हणतं. पण हे 'बाई' वेगळं होतं. मार बसणार हे कळल्यावर बाकाशेजारी उभी राहिलेली पोरं म्हणतात, तसलं. रुमाल हनुवटीवर घसरला होता. विशाल. सुट्टीत त्या घरी चित्रकलेच्या परीक्षेचा क्लास घ्यायच्या तेव्हा याच हॉलमध्ये सतरंजीवर बसायचा.

नलिनीबाईंनी काच मागे ओढली. सुटलो, असं त्याला वाटलं. तसं त्याच्या तोंडावर दिसलंसुद्धा. आणि त्यांनी अंगाचा सगळा भार घालून ती पुन्हा आपटली.

खाली बांबू मोडल्याचा आवाज झाला, मग जाळी फाटल्याचा. मग वॉचमन अंबादासची आरोळी. चौकटीच्या खाचेत काहीतरी उरलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

विशाल वाचला. कंबर मोडली, उजव्या हाताची दोन बोटं गेली. बिल्डिंगमध्ये मात्र उत्साहाला उधाण आलं. जयवंतनी गच्चीत शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठेवला. "आपल्या बी विंगची वाघीण!" टाळ्या पडल्या. टाके घातलेल्या ओठांनी हसता येत नाही, एवढ्यावर नलिनीबाईंची सुटका झाली.

पोलीस जबाब घ्यायला घरीच आले होते. इन्स्पेक्टर समजूतदार माणूस. "मावशी, तुम्ही घाबरून खिडकी लावत होता आणि त्याचा हात मध्ये आला. बरोबर?"

"मी आपटली," नलिनीबाई म्हणाल्या. "तो बाहेर गेला होता. सोडा म्हणत होता."

"आई, तू शॉकमध्ये आहेस," श्रुतिका म्हणाली आणि तिनं आईचा खांदा दाबला. "साहेब, तुम्ही म्हणताय तसंच झालं."

नलिनीबाईंनी सही केली.

पुढं काही आठवड्यांनी त्यांनी लॅपटॉप उघडला. अरुंद फटीच्या एका खिडकीखाली त्यांनी कधीतरी मजेत लिहून ठेवलं होतं, 'आत हात घालणाऱ्याची खैर नाही', आणि पुढं हसरा चेहरा. त्यांनी ती ओळ पुसली. झडप करायला घेतली की त्या अर्ध्यातच उठून जायच्या. शेवटी खिडक्या बिनझडपांच्याच सोडल्या. परदेशातल्या कोणीतरी तक्रार केली, तुमच्या किल्ल्यात वारा शिरतो म्हणून. विशालची चित्रं आठवायचा त्या प्रयत्न करत. बाकीच्या पोरांची आठवत, त्याचं एकही आठवेना.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात तिशीतली एक बाई.

"मी तेजल. विशालची बायको."

"ये, आत ये," म्हणेपर्यंत तेजलनं त्यांच्या तोंडात भडकावली. दुसरा हात उगारला, तो नलिनीबाईंनी हवेतच पकडला, पिरगळला आणि तिला दारावर दाबून धरलं. खांदा उखळीतून निघेल इतक्या जोरानं. तेजल ओरडली. नलिनीबाईंनी आणखी पिरगळला. त्यांच्या तोंडात थुंकी साठली होती, कान तापले होते, आणि हाताला थांबायचंच नव्हतं. समोरच्या दाराची कडी वाजली तेव्हा त्या भानावर आल्या. हात सोडला.

तेजल खाली बसली, दंड चोळत. "चोरी केली त्यानं, मान्य आहे मला. तुम्हाला मारलं. त्याला जेलमध्ये घाला, माझं काही म्हणणं नाही. पण तो पळत होता, बाई. जात होता ना तो. मग का?"

नलिनीबाईंनी पायात चपला सरकवल्या. "चल."

"कुठे?"

"पोलीस स्टेशनला."

रिक्षात दोघी एकमेकींकडे न बघता बसल्या. इन्स्पेक्टरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, झालं गेलं मिटलंय. कशाला स्वतःची वाट लावून घेताय? हे लिहिलं तर तुमच्यावर केस होईल."

"लिहा. तो बाहेर होता. त्यानं सोडा म्हटलं, ते मला ऐकू आलं होतं. मी त्याला ओळखलं होतं. त्यानंतर आपटली."

"कशासाठी?"

नलिनीबाईंनी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. "राग होता. आणि साहेब, बरं वाटत होतं."

इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे पण लिहू?"

"ते पण लिहा."

केस झाली. अजून चालू आहे. वकील म्हणतो, वयाकडे बघून बहुधा काही होणार नाही. श्रुतिका बरेच दिवस बोलत नव्हती. आता नाहूरच्या आपल्या घरून रविवारी येते, पण तो विषय काढत नाही. जयवंत जिन्यात दिसले की मोबाइलमध्ये बघतात. तेजल त्या दिवशी पोलीस स्टेशनबाहेर आली, रस्ता ओलांडून बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. तिनं मागे वळून पाहिलं नाही, आणि बस येईपर्यंत नलिनीबाईही स्टेशनच्या दारातून हलल्या नाहीत.