कुसुमताईच्या कुलरमधलं पिल्लू

चंपतरावांचं मांजरांशी काही वाकडं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस उगाच बदनाम व्हायचा. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांची हयात गेली. मांजर रस्त्यात आडवं गेलं की शेजारी बसलेला कंडक्टर छातीला हात लावायचा आणि चंपतराव नुसते गिअर बदलायचे. असला माणूस मूठभर पिल्लाला कशाला भिईल? पण त्या हिवाळ्यात कन्हानच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात बायकोनं, पंचफुलाबाईंनी, मांजराचं नाव काढलं आणि चंपतराव जे भ्यायले, ते काही केल्या सावरेनात.

झालं होतं असं. शेजारच्या कुसुमताईंनी उन्हाळा सरल्यावर कुलर खिडकीतून काढून मागच्या ओट्यावर ठेवून दिला होता. आतलं वाळकं गवत काढायचा आळस केला. मांजरीला आयतंच बाळंतपणाचं घर मिळालं. बाकीची पिल्लं लोकांनी नेली, राहिलं एक करड्या रंगाचं.

"अजी, ते पिल्लू आनाचं म्हनते मी," सकाळी चहाचा कप पुढे सरकवत पंचफुलाबाई म्हणाल्या.

"कायले?"

"घरात कोनी असलं पाहिजे. एकट्या मानसाले घर खायले उठते."

एकट्या माणसाला. चंपतरावांचा हात कपाच्या कानातच राहिला. घरात माणसं दोन. त्यातलं एक जर एकटं व्हायचं, तर दुसरं कुठंतरी गेलेलं असणार. आणि कोण जाणार हे चंपतरावांना ठाऊक होतं. दवाखान्यातून आल्यापासून ठाऊक होतं.

"नाही," ते म्हणाले. "मांजर-बिंजर काही नाही पाहिजे."

आता त्या दवाखान्याचं सांगायला हवं. चंपतरावांना जन्मभर खर्रा लागायचा. तंबाखू-सुपारीची ती पुडी गालात धरल्याशिवाय त्यांची गाडी डेपोतून हालत नसे. दिवाळीच्या आधी गालाच्या आत पांढरा डाग दिसला. नागपूरला दिलेली मुलगी, हिमानी, ऐकते कसली? हाताला धरून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं गालातला तुकडा काढून तपासायला दिला. पंचफुलाबाई सोबत होत्या. "आलोच आहो तं माह्यं बी पोट दाखवून घेते," असं म्हणून त्यांनीही आपल्या तपासण्या करून घेतल्या. त्यांचं पोट पावसाळ्यापासून दुखत होतं आणि चंपतराव दर वेळी ओवा खा म्हणून सांगत होते.

निकालाच्या दिवशी डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, "काका, तुमचं काही नाही. डाग साधा आहे. खर्रा मात्र बंद. आता तुम्ही जरा बाहेर बसा."

जरा बाहेर बसा! आपल्याकडे याचा अर्थ कोणाला कळत नाही? दुखणेकऱ्याला सांगायचं 'काही नाही', आणि काय आहे ते घरच्यांना आत घेऊन सांगायचं. चंपतरावांनी ही रीत स्वतः पाळली होती. त्यांचा धाकटा भाऊ गोपाळराव, त्यालाही खर्राच, त्यालाही गालातच. तेव्हा आत बसले होते चंपतराव आणि बाहेर बाकावर गोपाळ. चंपतराव हसत बाहेर आले होते. "काही नाही गा, साधा फोड आहे," असं म्हणून भावाच्या पाठीवर थाप मारली होती. गोपाळला इतका आनंद झाला की सीताबर्डीला थांबून त्यानं समोसा मागवला. तोंड उघडत नव्हतं, तरी कुस्करून खाल्ला. पुढं नाकात नळी, अंगावर कातडं आणि हाडं, आणि तरी शेवटपर्यंत सगळं घर त्याला फोडच सांगत राहिलं. तेव्हा 'काही नाही' म्हणजे काय, हे डॉक्टरनं चंपतरावांना शिकवायची गरज नव्हती.

आता बाकावर तेच बसले होते. दार बंद झालं, ते बराच वेळ उघडलं नाही. उघडलं तेव्हा हिमानीचं नाक लाल झालेलं होतं आणि ती पर्समध्ये नसलेलं काहीतरी शोधत होती. पंचफुलाबाई म्हणाल्या, "चला, भूक लागली." जिना उतरताना चंपतरावांनी कठडा धरला. पण विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही. उत्तर काय मिळणार तेही पाठ होतं.

घरी आल्यावर भीतीनं त्यांचा कब्जाच घेतला. न्हाणीघरात कडी लावून ते मोबाईलचा उजेड तोंडात पाडायचे, आरशात डाग बघायचे, तोंडात बोटं उभी घालून ती अजून मावतात का ते पाहायचे. मावायची. पण कालच्यापेक्षा आज जरा घट्ट वाटायचं, आणि मग दिवसभर घास गिळताना घशाकडे लक्ष. मरणाची त्यांना तेवढी धास्ती नव्हती, खरं सांगायचं तर गोपाळच्या त्या नळीची होती. हिमानीचा फोन रोज यायला लागला. पूर्वी ती रविवारी करायची. फोन आला की पंचफुलाबाई मागच्या ओट्यावर जायच्या आणि चंपतराव दारात दिसले की "हो, हो, वांगे आनले आज," असं काहीतरी बोलायला लागायच्या. चंपतराव मनात म्हणायचे, बाई, मी हे सगळं करून बसलेला माणूस आहे.

शिवाय पंचफुलाबाई बदलल्या होत्या. भांडत नव्हत्या. चंपतरावांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी गुमान उचलायच्या. वरणात मीठ विसरायचं. एके दिवशी म्हणाल्या, "आज चहा तुमीच ठेवा," आणि भिंतीला टेकून बसून राहिल्या. पत्ती कुठं, साखर कुठं, गॅस कसा बारीक करायचा हे बसल्या जागेवरून सांगत होत्या. चंपतरावांना वाटलं, माझ्या काळजीनं खचली बिचारी. त्यांना तिची दया आली आणि दयेपेक्षा भीती जास्त वाटली, कारण पंचफुला खचली म्हणजे डॉक्टरनं फार वाईट सांगितलेलं असणार.

आणि वरून हे मांजर. रोज कसाही विषय मांजरावर यायचा. चंपतरावांनी नाही नाही ती कारणं काढली. केस उडतात. दुधात तोंड घालते. पलंगावर चढते. शेवटी एकदा चिडून म्हणाले, "मी आहो तोवर या घरात मांजर येनार नाही." म्हणाले आणि स्वतःचीच जीभ चावली. पंचफुलाबाईंनी परात पुढं ओढली. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि मेथी निवडायला घेतली.

पण सोडलं नव्हतं त्यांनी. दोन-चार दिवसांनी दुपारी चंपतराव मागच्या दारी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेले, तर पलीकडे कुसुमताईच्या ओट्यावर पंचफुलाबाई उन्हात बसलेल्या. मांडीवर ते करडं पिल्लू. पोळीचा तुकडा दुधात भिजवून त्याला भरवत होत्या.

"या सोमवारपर्यंत नेते वं याले," त्या कुसुमताईंना सांगत होत्या. "मंग मले वेळ नाही भेटनार."

चंपतरावांच्या हातातला सदरा खाली मातीत पडला. सोमवारपर्यंत! इतकं जवळ आलं? यांना वार माहीत आहेत, तयारी चालली आहे, आणि आपण इथं बनियन वाळलं का ते चाचपून राहिलो. ते घरात आले आणि पलंगाच्या कडेला बसले. छाती इतकी धडधडत होती की जुन्या गाडीच्या बॉनेटवर बसल्यासारखं वाटलं. पंचफुलाबाई आत आल्या, पदर झटकला.

"सोमवारी काय आहे?" चंपतरावांनी विचारलं.

त्या थांबल्या. "कुठी काय?"

"मले लहान पोरगं समजू नको, पंचफुला. मी मरून राहिलो, आन तू माह्या जागेवर मांजर पाहून राहिली? थोडी तं कळ काढ. मी गेल्यावर धा मांजरी आन."

हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं वर आलं आणि चंपतराव, ज्यांनी घाटात ब्रेक गेलेली गाडी डोंगराला घासून थांबवली होती, ते तोंडावर हात धरून रडायला लागले. "मले ती नळी नको वं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

पंचफुलाबाईंना काही समजेच ना. "तुमी?" त्या म्हणाल्या. "तुमाले काय झालं?"

"डॉक्टरनं तुमाले आत बसवून काय सांगतलं ते मले समजत नाही का? गोपाळच्या वेळी मीच होतो आत."

"अजी," पंचफुलाबाई त्यांच्याशेजारी बसल्या, "तुमचं काहीच नाही. डॉक्टर खरं बोलला."

"मंग मले बाहेर काहून काढलं?"

"मीच सांगतलं होतं काढाले." त्या गुडघ्यावरची पोळीची कणी झटकत होत्या. "माह्यं सांगाचं होतं त्याले."

खोटं कशाला सांगा? चंपतरावांना पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की सुटलो. अंगातून वारं गेल्यासारखं झालं, मान हलकी झाली, नळी गेली, गोपाळ गेला. एक श्वास पुरता आत-बाहेर झाला असेल नसेल. मग बायको काय बोलली ते कानातून आत उतरलं, आणि आपण आत्ता सुटलो म्हणून खूश झालो होतो हेही कळलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बायकोकडे बघवेना.

"काय आहे?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"पोटात गाठ आहे. वाईट आहे म्हनते. पसरली का नाही ते पोट उघडल्यावर समजन. मंगळवारी ऑपरेशन आहे, सोमवारी भरती व्हा लागते."

"आन मले कधी सांगनार होती?"

"सोमवारी सकाळी." त्या म्हणाल्या. "गोपाळभाऊजीच्या वेळी तुमी दुखनं लपवलं त्याच्यापासून, पन अंथरून तुमी धरलं होतं. महिनाभर डेपोत नाही गेले. मी डॉक्टरले म्हटलं, माह्यं मले सांगा, आन याइले सांगू नका. हिमानीले बी शपथ घातली."

बाहेर कुसुमताई नळावर भांडी घासत होत्या. चंपतरावांना आठवत होता तो ओवा. पावसाळाभर सांगितलेला ओवा. त्यांनी बायकोचा हात धरला.

"मले भेव वाटून राहिलं," पंचफुलाबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाल्या. "लय भेव वाटते, अजी."

"काही नाही होत," चंपतरावांच्या तोंडून निघालं, आणि लगेच त्यांनी ओठ मिटले. आपण पुन्हा तेच बोललो. "मले बी वाटते," ते म्हणाले.

मग जरा वेळानं त्यांना मांजर आठवलं. "ते पिल्लू मंग माह्यासाठी?"

"हिमानीच्या घरी तुमी राहनार नाही. मले माहीत आहे, तुमाले तिथं झोप नाही येत. इथं एकटे राहिले तं सकाळी उठनार नाही, चूल पेटवनार नाही, पडून राहनार भिंतीकडे तोंड करून. ते भुकेनं ओरडलं तं उठा तं लागन ना. त्याच्यासाठी दूध तापवलं की चहा बी होते."

"नाही," चंपतराव म्हणाले. "ते आनाचं नाही. तू जाऊन ये. परत आली की दोघं मिळून आनू."

"आन नाही आली तं?"

मांजर घरात घेणं म्हणजे या प्रश्नाला हो म्हणणं, एवढं चंपतरावांना समजत होतं. पंचफुलाबाईंनी वाद घातला नाही. पोटाला उशी लावून कुशीवर वळल्या. दुखण्याच्या गोळीनं की बोलून मोकळं झाल्यानं, लवकरच त्यांचा डोळा लागला. चंपतराव बघत राहिले. तोंड जरासं उघडं होतं, कपाळावर आठी, हात पोटावर. दुखणं हे असं दिसतं आणि ते आपल्या शेजारी इतके महिने झोपत होतं, आपल्याला दिसलं नाही. घरात घड्याळाशिवाय कशाचा आवाज नव्हता. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, परत आले. पुन्हा गेले. ती दवाखान्यात असताना हे घर असंच असणार. आणि त्यानंतर? त्यांना तिथं उभं राहवेना. पायात चपला सरकवून ते मागच्या दारानं निघाले.

कुसुमताई भांडी पालथी घालत होत्या. चंपतरावांना बघून पदर सावरला. "काय भाऊजी, पंचफुलाबाई झोपल्या का?"

"ते पिल्लू," चंपतराव म्हणाले. "ते द्या म्हटलं."

कुसुमताईंनी कुलरमध्ये हात घालून पिल्लू काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. ते त्यांच्या सदऱ्याला नखं रुतवून चिकटलं. त्याची छाती चंपतरावांच्या तळव्यात भराभर उडत होती.

"हे काय काय खाते?" त्यांनी विचारलं. "आन किती वेळा द्या लागते?"

"पंचफुलाबाईले माहीत आहे सारं, भाऊजी. रोज तीच तं भरवते. तिलेच विचारा ना."

"नाही," चंपतराव म्हणाले. "मले सांगा. मलेच करा लागनार आहे."