कोलार रोडवर उतरलेलं अंडं

अंडं श्वास घेत होतं. माणसाच्या छातीएवढं उंच, शेवाळलेल्या टाकीच्या रंगाचं, अंगभर फुगलेल्या शिरा. भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीमागे मोकळा प्लॉट आहे, तिथे ते अर्धं मातीत रुतून बसलं होतं आणि संध्याकाळच्या उन्हात तीनशे माणसं हात जोडून त्याच्याकडे बघत होती. त्याचं पोट वर आलं की गर्दी श्वास रोखायची, खाली गेलं की सोडायची. बुडाखालून पांढरा धूर सरपटत पुढच्या रांगेतल्या बायकांच्या पायांपर्यंत आला, तेव्हा दोघींनी त्या धुरातच डोकं टेकवलं.

शेजारी खुर्चीवर नक्षत्रानंद महाराज बसले होते. चंदेरी कफनी, हिरवा टिळा, हातात माइक.

"बच्चों, अठारह ग्रहों की सेना निकल चुकी है! इस अमावस पृथ्वी पर हमला होगा. न बंदूक काम आएगी, न बम. बचेगा वही, जिसके खून में हरी ज्योति होगी!"

मग महाराज अंड्याच्या कानात नक्षत्रभाषेत काहीतरी पुटपुटले. अंड्याला कान कुठे असतो, हे त्यांनाच ठाऊक. अंड्याला उभी चीर गेली, आतून हिरवा उजेड सांडला आणि तीन नखांचा ओला पंजा बाहेर येऊन पुन्हा आत गेला. लोक किंचाळले. पाठोपाठ बुडाजवळच्या नळीतून जाडसर हिरवा रस टपकू लागला आणि किंचाळणारे तेच लोक वाट्या घेऊन रांगेत उभे राहिले.

या रसाचं नाव ज्योतिरस. सकाळ-संध्याकाळ एक वाटी. गुडघे, थायरॉइड, मधुमेह, मुलीचं जमत नसलेलं लग्न, सगळ्यावर तोच. शिवाय परग्रहवासी आले तर ते तुम्हाला खाणार नाहीत, हा वरचा फायदा.

मी साकेत नगरमधल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. माझं नाव सुचेता. अशा तमाशांकडे मी एरवी हसून पाठ फिरवते. त्या दिवशी फिरवता आली नाही, कारण रांगेत मला आमच्या शेजारच्या सुमित्राकाकू दिसल्या.

काकू आणि काशिनाथकाका नागपूरचे. काका सरकारी कचेरीत नोकरीला लागले तेव्हा दोघं भोपाळला आले आणि इथलेच झाले. काकूंना सोळा वर्षांपासून मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं.

"काकू, इंजेक्शन घेताय ना वेळेवर?" मी विचारलं.

"बंद केलं गं. पाच दिवस झाले. महाराज म्हणतात, सुई टोचली की ज्योत विझते."

"अहो, असं एकदम बंद करायचं नसतं! जिवावर बेतेल."

काकूंनी पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला. "सुचेता, सोळा वर्षं पोटाला टोचून घेतेय. टोचायला जागा उरली नाही. या माणसाने पहिल्यांदा सांगितलं, आता पुरे. तुला नाही कळायचं ते."

मी काकूंच्या वाटीतला थोडा रस एका बाटलीत घेतला आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यात साखर तपासायची पट्टी बुडवली. पट्टीचा रंग बघता बघता शेवटच्या खुणेपर्यंत गेला. वासावरून बाकीचं कळलंच होतं. खस सरबत होतं ते, डिंक घालून दाट केलेलं. मधुमेहाची बाई इन्सुलिन सोडून दिवसातून दोनदा साखरेचा पाक पीत होती.

मी ती पट्टी घेऊन थेट काशिनाथकाकांकडे गेले. काका निवृत्त झाले तरी फाइल बघावी तशी प्रत्येक गोष्ट चष्मा वर करून बघतात.

"काका, ही निव्वळ साखर आहे."

"तुमच्या पट्टीला पृथ्वीवरची साखर कळते," काका म्हणाले. "ही वरची आहे. महाराजांनी आधीच सांगितलंय की लॅबवाले विरोध करतील."

यांनी आयुष्यभर लोकांकडून दाखल्याच्या तीन-तीन प्रती मागितल्या. अंतराळातून आलेल्या अंड्याकडे मात्र एकही कागद मागितला नाही.

घरी येऊन मी चडफडत होते. माझी मुलगी तन्वी कॉलेजात आहे. कॉलनीच्या ग्रुपवर आलेला अंड्याचा व्हिडिओ तिने पाहिला आणि ती ओरडलीच. "आई, हे तर मंदारदादाचं अंडं आहे! सच्ची! आणि हा डायलॉग इंटरव्हलच्या आधीचा आहे."

"कसला इंटरव्हल?"

मग सगळं बाहेर आलं. तन्वीने दोन वर्षांपूर्वी मला न सांगता एका सिनेमात काम केलं होतं. सिनेमाचं नाव 'मिसरोद पर हमला'. परग्रहावरचे राक्षस होशंगाबाद रोडने येतात आणि भोपाळच्या टोकाचं मिसरोद खाऊन टाकतात, अशी कथा. काही मित्रांनी चौदा रविवारी मिळून तो काढला. तन्वी त्यात पळणाऱ्या गर्दीत होती. गर्दीत नऊ जण असल्यामुळे त्यांना तीनदा कपडे बदलून पळावं लागलं. सिनेमा दोन दिवस चालला. बघायला सहा माणसं आली, त्यातलं एक झोपलं.

"आणि तुमचे महाराज आहेत ना," तन्वी म्हणाली, "ते सुरेश अंकल. पहिल्या दहा मिनिटांत मरतात."

आम्ही दोघी तशाच मिसरोदला गेलो. सिनेमातलं अंडं आणि राक्षस बनवणारा मंदार मंडीदीपच्या एका कारखान्यात फिटर आहे. राहतं घर दोन खोल्यांचं, त्यातल्या एका खोलीत रबरी मुंडकी, तारा आणि प्लास्टर. व्हिडिओ पाहून तो हसायला लागला, मग त्याने तो पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्याचे डोळे पाणावले होते.

"ताई, ही बाई बघा. खरंच घाबरलीय."

"अरे, पण ते अंडं त्याच्याकडे गेलं कसं?"

"माझ्याकडे जागा नव्हती. सुरेशभैया बोले, मेरे पास रख दे. मला वाटलं पडलं असेल कुठेतरी." तो पुन्हा स्क्रीनकडे बघू लागला. "थिएटरात हा पंजा निघाला तेव्हा लोक हसले होते. मी मागच्या रांगेत बसलो होतो. इथे तीनशे लोक किंचाळतायत. माझ्या कामाला पहिल्यांदा कोणी घाबरलंय, ताई."

"मंदार, ते सांगायला हवंस तू तिथे येऊन."

"सांगितलं की पुन्हा हसतील," तो म्हणाला. "विचार करतो."

त्याच्या विचाराला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काशिनाथकाकांनी आमचं दार बडवलं. काकू उलट्या करून पडल्या होत्या, श्वास जोरजोरात चालला होता, हाक मारली तर नीट ओ देत नव्हत्या. गाडीत घालून नेलं. रक्तातली साखर मशीनच्या आकड्यापलीकडे गेली होती. आणखी काही तास उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं. काका कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते. चष्मा हातात होता आणि तो डोळ्यांवर घालायचा हेच त्यांना सुचत नव्हतं.

मी मंदारला फोन केला. एवढंच सांगितलं की काकू आयसीयूत आहेत.

रविवारी दुपारी चारला तो हत्यारांची पेटी घेऊन प्लॉटवर आला. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, कारण अमावास्या दोन दिवसांवर आली होती. काकूंची बातमी पसरली होती आणि महाराजांनी तिचाही बंदोबस्त केला होता.

"सुमित्रा बहन का पुराना खून जा रहा है, नया आ रहा है. घबराना मत! इसे कहते हैं शुद्धि!"

मंदार पुढे झाला. "सुरेशभैया, बस करो अब."

महाराजांचा चेहरा क्षणभर दहाव्या मिनिटाला मरणाऱ्या माणसासारखा झाला. पण ते सावरले. "कौन सुरेश? यान के पास मत आ. भस्म हो जाएगा!"

"हे यान माझ्याशीही बोलतं," मंदार लोकांकडे वळून म्हणाला. खिशातलं काहीतरी चाचपत त्याने अंड्याजवळ तोंड नेलं आणि मोठ्याने म्हणाला, "दोन वाट्या पोहे भिजवा, कांदा चिरा, मोहरी तडतडू द्या."

अंडं उघडलं. पंजा बाहेर आला आणि आत गेला.

मंदारने खिशातून रिमोट काढून उंच धरला. "एक महाराजांकडे आहे, कफनीच्या बाहीत. हा दुसरा, माझा."

आता लोक महाराजांवर धावून जातील अशी माझी अपेक्षा होती. धावले खरे, पण मंदारच्या पाया पडायला. पुढच्या रांगेतल्या प्रमिलाताई तर रडायलाच लागल्या. "ये भी चुने हुए हैं! इनकी भी सुनता है!" महाराजांनी संधी साधली. "हां बच्चों! मैंने कहा था, दूसरा दूत आएगा!" आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून मंदारच्या गळ्यात घातला.

मंदार तसाच उभा राहिला. तीनशेहून जास्त माणसं त्याच्यासमोर वाकली होती. खोटं कशाला बोलू, त्याच्या चेहऱ्यावर तो आनंद मला दिसला आणि वाटलं, हा आता हार काढणार नाही.

तेवढ्यात गर्दीतून काशिनाथकाका पुढे आले. हॉस्पिटलमधूनच आले होते. दोन दिवसांची दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

"तू बनवलंस हे?" त्यांनी मराठीत विचारलं.

"हो काका."

"माझी बायको तिकडे नळ्या लावून पडलीय. तू बनवलं असशील तर खोलून दाखव."

मंदारने हार काढून ठेवला, पेटीतून पाना काढला आणि गुडघ्यावर बसला. महाराज ओरडत राहिले, भस्म, शाप, अठारह ग्रह. मंदारने चार बोल्ट सोडवले आणि अंड्याची पाठ दरवाजासारखी उघडली.

"हा माशांच्या टाकीचा पंप. यानं रबरी फुगा भरतो आणि सोडतो, तोच श्वास. हा हिरवा बल्ब. हा पंजा सायकलच्या ब्रेकच्या तारेवर चालतो, ही मोटर तार ओढते. या डब्यात कोरडा बर्फ, आइस्क्रीमच्या गाडीत असतो तो. त्यावर पाणी पडलं की धूर. आणि हा कॅन," त्याने झाकण उघडून वास घेतला, "हा माझा नाही. यात सरबत आहे."

लोक सरकत सरकत जवळ आले. काकांनी चष्मा वर केला आणि अंड्याच्या आतल्या बाजूकडे बघितलं. कवच कागदाच्या लगद्याचं होतं, आतून वर्तमानपत्राचे तुकडे जसेच्या तसे चिकटलेले. काकांनी आयुष्यभर फाइली वाचल्या त्याच आवाजात वाचायला सुरुवात केली.

"साकेत नगर में दो कमरे किराए से देना है. शाकाहारी परिवार को प्राथमिकता."

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी. मग सगळा प्लॉट हसायला लागला. मंदारने एकदा मान वर केली आणि तोही हसला.

"देवों ने पृथ्वी का कागज़ इस्तेमाल..." महाराज बोलू लागले, पण माइक तोवर प्रमिलाताईंच्या हातात होता आणि त्या त्यांना रस स्वतः प्यायला सांगत होत्या, पूर्ण कॅन. महाराज बाहेर पडण्याची वाट शोधत होते, पण काकांनी हॉस्पिटलमधून निघतानाच पोलिसांना कळवलं होतं. तक्रारीच्या तीन प्रती तयार होत्या.

काकू नऊ दिवसांनी घरी आल्या. बघायला आलेल्या बायकांपैकी एकीने "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि कशा फसलात?" असं विचारलं, तेव्हा काकू उठून बसल्या.

"मूर्ख होते म्हणून नाही गेले. दमले होते म्हणून गेले. सुया टोचून पोटाला गाठी आल्या होत्या, ते मी डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं तर त्यांनी बारीक सुईचं पेन दिलं, जागा बदलून कसं घ्यायचं ते शिकवलं. दोन वाक्यांचं काम होतं. ते मी अंड्याला सांगत बसले."

चमत्कार विकणाऱ्याला आपल्या अज्ञानाहून आपला थकवा जास्त उपयोगी पडतो, हे मी काकूंकडून शिकले. म्हणून अशा रांगेत आपलं माणूस दिसलं तर त्याला हसू नका. त्याला काय दुखतंय ते आधी विचारा आणि चांगल्या डॉक्टरकडे सोबत जा. औषध कोणाच्याही सांगण्यावरून, आकाशातून आलेल्याच्या तर मुळीच नाही, परस्पर बंद करू नका. आणि जो म्हणेल की हात लावाल तर भस्म व्हाल, त्याच्या वस्तूला आधी हात लावा. जे खरं असतं त्याला तपासणीची भीती नसते.