नाकातला चोकअप

मी प्लंबर आहे. लोकांच्या घरातले चोकअप काढण्यात अर्धं आयुष्य गेलं आणि स्वतःच्या नाकातला काही काढता आला नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आमच्या घरातल्या सगळ्यांचं हसून झालंय.

सुरुवात साध्या सर्दीनं झाली. सर्दी येते तशी जाते, म्हणून मी लक्ष दिलं नाही, तर ही पाहुणी मुक्कामालाच राहिली. कपाळ जड, गाल ठणकतात, वाकलं की डोळ्यांमागे कुणीतरी आतून अंगठा दाबतंय असं वाटायचं. आणि वास गेला. कधी गेला ते विचारू नका, मलाच कळलं नाही. दिवे गेले की अंधार तरी पडतो. वास गेला की काहीच होत नाही. एक दिवस बायको करपून काळं झालेलं पातेलं माझ्यासमोर आपटून म्हणाली, "अहो, शेजारी बसला होतात ना?" बसलो होतो. पेपर वाचत होतो.

आमच्या धंद्यात नाक म्हणजे पान्याइतकंच लागणारं हत्यार. पण माझी पोरगी माझ्याबरोबर काम करते, त्यामुळे निभत होतं. गिऱ्हाइकाच्या दारातून आत शिरताच ती नाक वर करायची आणि हळूच म्हणायची, "बाबा, ते बाथरूम म्हणतायत, पण हे किचनमधून येतंय." मी मान हलवायची, जणू मलाही तसंच वाटत होतं, आणि किचनकडे वळायचं. गिऱ्हाइकाला काय कळतंय.

हे असंच चाललं असतं. पण एकदा ती गॅलरीत फोनवर मैत्रिणीशी बोलत होती आणि मी आत चहा पीत होतो. एका मोठ्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. दुसऱ्या शहरात नवं इस्पितळ उभं राहतंय, तिथं पाणी आणि ड्रेनेजच्या सगळ्या कामावर सुपरवायझर म्हणून. मला पत्ता नाही. ती म्हणत होती, "नाही गं, मी नाहीच म्हणणार आहे. मी गेले तर बाबांचं काय? गॅस गळला तरी त्यांना कळायचं नाही. कुणाच्या तरी घरात काडी ओढतील आणि भडका उडेल."

माझं डोकंच सटकलं. पोरीवर नाही, नाकावर. एवढीशी वस्तू, तोंडाच्या मधोमध बसून फुकटचा रुबाब करते, आणि तिच्यापायी पोरीनं घरात अडकून पडायचं? मी आत बोलावून तिला म्हटलं, "कंपनीला 'नाही' कळवायचं नाही. मुदत माग. मी नाक दुरुस्त करून घेतो." ती म्हणाली, "आणि नाही झालं तर?" मी म्हटलं, "होतं की नाही ते बघच."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. त्यांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि एक बारीक दुर्बीण आत घातली. चित्र समोरच्या पडद्यावर. मी एकदम खूश. ड्रेनच्या लाईनमध्ये कॅमेरा आम्हीही घालतो, म्हटलं ही तर आपलीच माणसं. पडद्यावर सोललेल्या द्राक्षांसारखं काहीतरी लोंबत होतं, ओलसर, फिकट.

"हे मांसाचे कोंब," बाई म्हणाल्या. "कॅन्सरसारखे दिसत नाहीत, तरी काढले की तपासायला पाठवूच. सूज वर्षानुवर्षं राहिली की असे वाढतात. वासाच्या नसा नाकाच्या छताला असतात. तिथपर्यंत हवाच पोचत नाहीये."

मग स्कॅन काढला. त्यात म्हणे हवा काळी दिसते आणि भरलेली जागा करडी. कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधे अशा हाडांतल्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. त्या काळ्या दिसायला हव्यात. माझ्या सगळ्या करड्या. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिला प्रश्न विचारला, जो कुठलाही प्लंबर विचारेल. "आउटलेट कुठाय?"

बाईंनी गालातल्या पोकळीवर पेन टेकवलं. वरच्या टोकाला.

"वर?" मी म्हटलं. "टाकीचं तोंड वर? मग ती रिकामी कशी होणार? कुणी बसवलंय हे?"

बाई हसल्या. "बसवणाऱ्याचा पत्ता माझ्याकडे नाही. पण आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते सारखे हलत असतात आणि चिकट पाणी वर ढकलत ढकलत त्या दारापर्यंत नेतात."

"पंपाशिवाय?"

"पंपाशिवाय. तुम्ही झोपलात तरी."

घरी येताना बसमध्ये मी गालावर हात ठेवून बसलो होतो. समोरच्या बाईला वाटलं दाढ दुखतेय. पण मला खरंच नवल वाटत होतं. इतकी वर्षं उतार काढतोय, लेव्हल लावतोय, आणि माझ्याच तोंडात पाणी चढावर जातंय, तेही गुपचूप. सूज आली की दार बंद होतं, दार बंद झालं की आत साचतं, साचलं की कुजतं. एवढं मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बाईंनी लगेच ऑपरेशन काढलं नाही. आधी स्प्रे, थोडे दिवस गोळ्या, आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुवायची एक मऊ बाटली. आणि इथं मी माती खाल्ली. चोकअप म्हटलं की प्रेशर, हे माझ्या हाडात भिनलेलं. बाटली नळाखाली भरली, मिठाची पुडी टाकली, नाकपुडीला लावली आणि दोन्ही हातांनी अशी दाबली की पाणी नाकातून न येता कानात गेलं. कानाला दडा बसला, डोकं गरगरलं, मी बेसिनला धरून उभा. पोरगी दारात. आधी घाबरली, आणि मी बरा आहे म्हटल्यावर हसून हसून जमिनीवर बसली.

बाईंनी मात्र चांगलं झापलं. "हळू दाबा म्हटलं होतं ना? आणि पाणी उकळून गार केलेलं हवं. नळाचं का घेतलं?"

"बाई, ती लाईन मी स्वतः टाकलीय."

"लाईन चांगलीच असेल. पण पाण्यात एखादा जंतू असला तर पोट त्याला मारतं. नाकात तशी सोय नाही." तेव्हापासून पाणी उकळतो.

औषधांनी डोकं थोडं हलकं झालं, पण कोंब हलेनात. मग ऑपरेशन ठरलं. नाकपुडीतूनच, दुर्बिणीनं, बाहेर कुठे चिरफाड नाही. कोंब काढायचे आणि पोकळ्यांची अरुंद दारं मोठी करायची. एका बाजूला डोळा, वर मेंदू आणि मधलं हाड अंड्याच्या टरफलाएवढं पातळ, हेही बाईंनी लपवलं नाही. "इजा क्वचित होते," म्हणाल्या, "पण होऊ शकते, म्हणून सांगते."

मी विचारलं, "वास येणार ना?"

"श्वास मोकळा होईल, डोकं हलकं होईल, याचा मला बराच भरवसा आहे. वासाचं मी लिहून देत नाही. येईल, उशिरा येईल, अर्धवट येईल, कदाचित नाही येणार. आणि कोंब परत वाढू शकतात. धुणं आणि स्प्रे पुढेही चालू ठेवायचं."

"म्हणजे मेंटेनन्स."

"तेच."

पोरगी शेजारी बसून सगळं ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी करत असाल तर नको." मी म्हटलं, "तुझ्यासाठी कशाला, मला घोरण्याचा कंटाळा आलाय." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी बूट बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

ऑपरेशनचं मी काय सांगू, मी झोपलो होतो. जागा झालो तेव्हा घसा कोरडा, नाक ठासून भरलेलं, नाकाखाली कापसाची गादी. दुखतंय म्हणण्यापेक्षा जगातली सगळी सर्दी एकट्याला झाल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी घरी. काही दिवस लालसर पाणी येत राहिलं. डोकं उंच उशीवर ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, जड उचलायचं नाही आणि वाकायचं नाही. प्लंबरनं वाकायचं नाही. मग करायचं काय, छताला नळ बसवायचे? बायकोनं पान्यांची पिशवी माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली.

तपासणीला गेलो की बाई दुर्बीण घालून आतल्या खपल्या ओढून काढायच्या. काय काय निघालं ते सांगत नाही, तुम्ही जेवत असाल. पण एका सकाळी मी श्वास घेतला आणि गार हवा थेट टाळ्यामागे जाऊन लागली. मी पलंगावर बसून नुसता श्वास घेत राहिलो. घोरणंही बंद झालं. बायको म्हणाली, आता शांततेनं झोप लागत नाही. या बाईला कधी काही पसंत पडायचं नाही.

वास मात्र नाही. बाईंनी सराव सांगितला होता: रोज लवंग, लिंबू आणि साबण नाकाशी धरायचं आणि तो वास कसा होता ते आठवायचं. बामही हुंगून पाहिला, तर आत गार लागलं आणि मी आनंदानं ओरडणार होतो, पण बाई म्हणाल्या की थंडावा कळतो तो वेगळ्या नसेनं, तो वास नव्हे. पोरगी रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, "काय?" मी म्हणायचो, "काही नाही." कंपनीनं तिला पुन्हा फोन केला. शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर दुसरी व्यक्ती घेतो. तिनं फोन ठेवून मला एवढं सांगितलं आणि ताटं वाढायला घेतली.

त्याच आठवड्यात ग्रंथालयाचं काम आलं. जुनी तीन मजली इमारत, वाचनाच्या खोलीत गटाराचा वास, आणि कुठून येतो ते कुणाला सापडेना. अशा वेळी आम्ही पेपरमिंट टाकतो. एकानं गच्चीवर जाऊन ड्रेनेजच्या हवेच्या पाइपात पेपरमिंटचं तेल ओतायचं, वरून कढत पाणी, आणि पाइपाचं तोंड बंद करायचं. दुसऱ्यानं खाली फिरून हुंगायचं. जिथं पेपरमिंट, तिथं फट. ओतणाऱ्याच्या अंगालाच इतका वास लागतो की खालचा हाक मारेपर्यंत त्यानं गच्चीतून खाली यायचं नाही, नाहीतर सगळं काम वाया. नेहमी मी ओततो आणि ती हुंगते. पण त्या दिवशी तिला सर्दी. नाक लाल, डोळे लाल.

"मला काही कळणार नाही," ती म्हणाली. "आज तुम्ही खाली."

"मला तरी काय कळणार आहे?"

"बघा तर," म्हणाली आणि किटली घेऊन जिना चढून गेली.

मी भिंतीला धरून हुंगत निघालो. वाचक पुस्तकांवरून माझ्याकडे बघत होते. एक म्हातारे गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले. खिडक्या झाल्या, बेसिन झालं, मोरी झाली. काही नाही. मग कोपऱ्यातल्या एका कपाटामागे नाक घातलं आणि आत कुठेतरी गार लागलं. म्हटलं, हा थंडावा, याचा काय भरवसा. कपाट जरा सरकवलं. मागे भिंतीत एक जुनं पाइपाचं तोंड, पूर्वी तिथं बेसिन असणार, वर नुसता कागद चिकटवलेला. मी नाक आणखी जवळ नेलं. थंडाव्याच्या मागून काहीतरी आलं. कुजलेलं पाणी. सडकं, आंबट, पोटात ढवळून येईल असं. आणि मान वळवली तर जुन्या कागदांचा वास, धूळ, दमट लाकूड. माझे डोळे भरून आले. गटाराच्या वासानं रडलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी तिथंच खाली बसलो.

खिशात फोन वाजला. गच्चीवरून पोरगी. "बाबा, लागलं काही?"

आणि मी बोललो नाही. खरं तेच सांगतो. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? ती खाली आली असती, उद्या सकाळी पुन्हा माझ्या तोंडाकडे बघून "काय?" म्हणाली असती, बॅटरी धरली असती, माझ्यावर खेकसली असती. शुक्रवार निघून गेला असता. हिच्यासाठीच तर नाक चिरून घेतलं होतं, आणि आता ते सुरू झाल्यावर मला हिला सोडवेना.

"बाबा? आहात का?"

"सापडलं," मी म्हटलं.

"थंडावा की वास?"

"वास."

"कसला?"

"घाण वास. आणि पुस्तकांचा."

ती बारीक आवाजात म्हणाली, "मग मी त्यांना हो कळवू?"

"कळव. आत्ताच कळव, वरूनच."

हाक दिली होती, तरी ती खाली येईना. शेवटी मीच जिना चढून गेलो. ती टाकीच्या सावलीत बसून बाहीनं डोळे पुसत होती आणि किटली शेजारी आडवी पडली होती. म्हणाली, सर्दी आहे. मी म्हटलं, हो, दिसतेय. शेजारी बसलो आणि तिचं डोकं खांद्याशी ओढून घेतलं. पेपरमिंटनं नाक झणझणलं. त्याच्याखाली दुसरा वास होता. मला आठवत होता तो तिचा लहानपणीचा, पावडरीचा आणि दुधाचा. हा तो नव्हता. घाम, रबर, पाइप जोडायचा डिंक, उन्हात तापलेले केस. शेजारी उभी राहून काम करता करता माझी पोर कधी मोठी झाली, हे माझ्या नाकाला आत्ता कळत होतं, आणि शुक्रवारनंतर ती जाणार होती.

"बाबा, काय हुंगताय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "थांब जरा."